झिंकची क्रीम फाटते का?

प्रश्न : घरी सनस्क्रीन करून पाहते आहे. इमल्सिफायिंग वॅक्स, स्टिअरिक अ‍ॅसिड, बदामाचं तेल आणि पाणी यांची क्रीम करून घेते. ती निवली की त्यात तयार कोरफड जेल घालते आणि शेवटी झिंक ऑक्साइडची पूड, २० टक्के. पहिल्या दिवशी क्रीम छान दिसते. मग ती घट्ट, रवाळ होत जाते, कडेने पाणी सुटतं, चेहऱ्यावर पांढरे पट्टे उठतात आणि लावताना बोट अडखळतं. कुठे बिघडतंय? आणि झिंक २० टक्के म्हणजे एसपीएफ २० धरायचा ना?

उत्तर : शेवटचं आधी. नाही, धरायचा नाही. एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचा आकडा, टक्केवारीवरून काढता येत नाही. तीच २० टक्के पूड एका क्रीममध्ये चांगलं संरक्षण देते आणि दुसरीत निम्मंही देत नाही, कारण सगळं ती किती बारीक पसरली आहे यावर ठरतं. तुमची बाकीची तक्रारही तिथेच येऊन थांबते.

माझ्या टेबलावर काचेच्या दोन पट्ट्या कायम असतात. थेंबभर क्रीम त्यांच्यामध्ये दाबायची आणि दिव्यासमोर धरायची. तुमच्या क्रीममध्ये पांढरे ठिपके दिसतील आणि त्यांच्यामध्ये जवळपास आरपार दिसणारी जागा. ठिपका म्हणजे झिंकची गुठळी. बोटाला रवा लागतो तो तिचाच. मधली मोकळी जागा म्हणजे ऊन आत शिरण्याची वाट. म्हणून मऊ लागणं हा नुसता चोचला नाही. गुठळ्या मोडल्या की क्रीम गुळगुळीतही होते आणि संरक्षणही वाढतं. उलट मात्र खरं नाही हं; क्रीम मऊ लागते म्हणून ती उन्हाला पुरेल असं नाही.

आता तुमच्या कृतीकडे. आवरण नसलेलं, म्हणजे कणांवर दुसऱ्या द्रव्याचा थर न दिलेलं, झिंक ऑक्साइड हे निवांत बसणारं द्रव्य नाही. स्टिअरिक अ‍ॅसिडशी त्याची गाठ पडली की झिंक स्टिअरेट तयार होतं आणि क्रीम दिवसागणिक घट्ट, कणीदार होते. तयार कोरफड जेलला घट्टपणा बहुधा कार्बोमर नावाच्या जाळीदार पॉलिमरमुळे असतो आणि झिंकचे आयन त्याची जाळी मोडतात. कडेला सुटलेल्या पाण्याचं एक कारण हे. अशा जेलमध्ये अनेकदा सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट हे परिरक्षक, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारी द्रव्यं, असतात. ते आम्लात, साधारण पीएच ५ च्या खाली, काम करतात. झिंक पीएच ७ च्या वर नेतं आणि ते निकामी होतात. म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या बिघाडाआधीच क्रीममध्ये जंतूंना मोकळीक मिळालेली असू शकते. आहे ती बरणी टाकून द्या.

नवी क्रीम उलटी बांधा. तुमची क्रीम पाण्यात तेल या जातीची आहे. झिंकसाठी तेलात पाणी ही जात जास्त सोपी जाते. पूड तेलातच राहते, पाण्याशी तिचा फारसा संबंध येत नाही आणि घामाने क्रीम लगेच धुपत नाही. १०० ग्रॅमसाठी माझी सुरुवात अशी असते: तेलाशी जमणारं आवरण दिलेलं झिंक ऑक्साइड २०, हलकं तेल २०, पॉलिहायड्रॉक्सीस्टिअरिक अ‍ॅसिड (पुडीचे कण सुटे ठेवणारं) २, पॉलिग्लिसरिल-२ डायपॉलिहायड्रॉक्सीस्टिअरेट (इमल्सिफायर, म्हणजे तेल-पाणी एकत्र धरणारं) ५, मेण १, पाण्याच्या बाजूला पाणी ४६, ग्लिसरीन ४, मॅग्नेशियम सल्फेट १, आणि परिरक्षक म्हणून फेनॉक्सीइथेनॉल १. मॅग्नेशियम सल्फेट हे मीठ पाहून दचकू नका. या जातीच्या क्रीममध्ये पाण्याचे थेंब एकमेकांत मिसळून मोठे होऊ नयेत म्हणून ते लागतंच.

पूड तोलताना मास्क लावा. ती थोड्या तेलात, पॉलिहायड्रॉक्सीस्टिअरिक अ‍ॅसिडसोबत, खलात घोटा. या कामाला घाई चालत नाही. आधी कोरडा, जड लगदा होतो, बत्ता रुतून बसतो. घोटत राहिलात की एका क्षणी तोच लगदा सैल पडतो आणि वाहू लागतो. कण सुटे झाल्याची ही खूण. काचेच्या पट्टीत ठिपके दिसेनासे होईपर्यंत पुढे जाऊ नका. तयार क्रीममध्ये कोरडी पूड ढवळून हे कधीच साधत नाही, कितीही जोरात ढवळा.

मग उरलेलं तेल, इमल्सिफायर आणि मेण घालून ७५ अंशांवर आणा. पाण्याची बाजूही तितकीच गरम हवी. हँड ब्लेंडर चालू ठेवून पाणी बारीक धारेने तेलात सोडा. तेल पाण्यात नाही, पाणी तेलात! धार मोठी झाली तर पाणी वर तरंगत राहतं आणि मग कितीही फिरवलं तरी आत जात नाही. निवत आलं की परिरक्षक घाला. जात बरोबर आली का हे पाहायला क्रीमचा ठिपका पाण्यात टाका. तो विरघळला नाही तर जमलं.

लावताना कसं वाटेल हे मुख्यतः तेल ठरवतं. बदामाचं तेल झिंकसोबत जड आणि ओढणारं लागतं. आयसोअमाइल लॉरेट किंवा डायकॅप्रिलिल कार्बोनेट असं हलकं तेल घेतलंत तर बोट सरकतं. एक-दोन टक्के सिलिका घातली, आणि तेवढं पाणी कमी केलं, तर तकाकी कमी होते. पांढरेपणा पूर्ण जाणार नाही. कातडीच्या रंगाचं आयर्न ऑक्साइड किंचित मिसळलं तर तो झाकला जातो.

महिनाभर एक बरणी ४५ अंशांच्या आसपास ठेवा, दुसरी फ्रीझरमध्ये गोठवून बाहेर काढा, असं तीनदा. दोन्हींत तेल वर आलं नाही आणि तळाशी पांढरा गाळ बसला नाही तर क्रीम टिकाऊ म्हणा. सनस्क्रीन मात्र म्हणू नका. एसपीएफ ठरतो तो आयएसओ २४४४४ सारख्या चाचणीत, किमान १० माणसांच्या पाठीवर, दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून. ते घरी होत नाही. भर उन्हात जायचं असेल, त्यातून लहान मूल सोबत असेल, तर तपासलेलं सनस्क्रीनच लावा. आपली क्रीम घरातल्या दिवसांसाठी.

प्रश्न : रास्पबेरीच्या बियांच्या तेलाचा एसपीएफ ५० पर्यंत असतो असं वाचलं. मग झिंक हवंच कशाला?

उत्तर : हा आकडा २००० सालच्या एका शोधनिबंधातून पसरला. त्यात तेलातून किती प्रकाश पार जातो ते मोजलं होतं, तेल कुणाच्या अंगाला लावून एसपीएफ काढला नव्हता. तेल म्हणून ते चांगलं आहे, क्रीममध्ये जरूर घाला. झिंकच्या जागी नाही. गाजराच्या बियांच्या तेलाबद्दलही हेच.

प्रश्न : जांभळ्या प्रकाशाच्या टॉर्चखाली माझी क्रीम काळी दिसत नाही. म्हणजे ती वाया गेली का?

उत्तर : टॉर्चचे अतिनील किरण शोषणारी क्रीम तिच्याखाली काळी दिसते, पण आधी टॉर्चवर तरंगलांबी किती लिहिली आहे ते पाहा. स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरच्या असतात आणि झिंक ऑक्साइडचं शोषण त्याच्या अलीकडेच, ३८० च्या आसपास, उतरतं. ३६५ ची टॉर्च असेल तर क्रीम कुठे लागली नाही, कुठे पातळ राहिली, एवढं दिसेल. कान आणि नाकपुडीची कड तेवढी बघून घ्या, तिथे लावायचं हमखास राहतं.