ऑपरेशन विम्यात बसतं का? आधी कागदावर कारण काय लिहिलंय ते बघा

तुम्ही विचारलंय की सरकारी आरोग्य विम्यात कोणती ऑपरेशनं बसतात याची यादी मिळेल का, आणि आईच्या खाली उतरलेल्या पापणीचं ऑपरेशन त्यात येईल का. नुसत्या यादीवर विसंबू नका. ऑपरेशन कशासाठी करायचंय आणि ते कारण कागदावर कसं उतरलंय, यावरच बहुतेक वेळा निकाल लागतो.

पापणीचंच घ्या. माझ्या मावशीच्या दोन्ही पापण्या इतक्या उतरल्या होत्या की समोरचं दिसावं म्हणून ती हनुवटी वर करून चालायची. उघडं राहिलेलं कपाटाचं दार दोनदा कपाळाला लागलं. तरी पहिला अर्ज नामंजूर झाला. फाईल उघडून पाहिली तर डॉक्टरांच्या चिठ्ठीत एवढंच होतं: पापण्यांची त्वचा सैल, रुग्णाला शस्त्रक्रिया हवी आहे. हे वाचणाऱ्याला ती चेहरा नीट दिसावा म्हणून आलीय असंच वाटणार. मग दृष्टिक्षेत्राची तपासणी, म्हणजे नजर समोर ठेवून आजूबाजूचं किती दिसतं याचा नकाशा, दोनदा करून घेतली, एकदा पापण्या आहेत तशा आणि एकदा चिकटपट्टीने वर उचलून. पहिल्या नकाशात वरचा मोठा भाग काळा, म्हणजे न दिसणारा, होता, दुसऱ्यात तो जवळजवळ गेला. दोन्ही नकाशे, समोरून आणि बाजूने काढलेले फोटो आणि कपाळाला लागल्याची नोंद असलेली नवी चिठ्ठी जोडली. मंजुरी आली. ऑपरेशन तेच, डॉक्टरही तेच.

बाकी ठिकाणीही साधारण हीच रीत. नाकाचं हाड वाकडं असून श्वास अडत असेल तर बसतं, नाकाचा आकार बदलायचा असेल तर नाही. कर्करोगामुळे स्तन काढल्यावर तो पुन्हा घडवणं बहुतेक ठिकाणी बसतं, नुसता आकार वाढवणं नाही. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनसाठी अमेरिकेच्या मेडिकेअरमध्ये (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा तिथला सरकारी विमा) बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, 35 किंवा जास्त, सोबत लठ्ठपणाशी निगडित एखादा आजार आणि आधी केलेले उपचार फसल्याची नोंद, हे सगळं लागतं. अपेंडिक्स, मोडलेलं हाड, सिझेरियन यांत सहसा वाद होत नाही. दातांचं मात्र वेगळंच प्रकरण. कॅनडाच्या 1984 च्या आरोग्य कायद्यात दातांची शस्त्रक्रिया ती रुग्णालयातच करणं भाग असेल तेव्हाच येते.

माणसं जास्त फसतात ती अर्धवट बसणाऱ्या ऑपरेशनांत. मोतीबिंदूचं ऑपरेशन बसतं म्हणून निर्धास्त राहतात आणि टेबलावर जायच्या आदल्या दिवशी कुणीतरी "चांगली लेन्स" टाकायची का म्हणून सही घेतं. मेडिकेअरमध्ये साधी लेन्स विम्यातून मिळते, जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणाऱ्या लेन्सचा जादा खर्च रुग्णाचा. साधी लेन्स म्हणजे वाईट लेन्स नव्हे, एवढं घरच्यांना सांगून ठेवा. मला याचा फार राग येतो, कारण त्या घाईत म्हातारी माणसं नाही म्हणूच शकत नाहीत.

ऑपरेशनच्या आधी-नंतरचं काय, तेही विचारा. आयुष्मान भारतमध्ये दाखल होण्याआधीचे 3 दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे 15 दिवस धरलेले असतात, पण योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातच. आणि सौंदर्यासाठी स्वखर्चाने केलेलं ऑपरेशन बिघडलं तर पुढचं विमा बघेल असं गृहीत धरू नका. जर्मनीत अशा उपचाराच्या खर्चातला वाटा रुग्णाला उचलावा लागतो, तसं कायद्यातच आहे.

पूर्वमंजुरी तोंडी घेऊ नका. "होऊन जाईल हो" असं काउंटरवरच्या माणसाने कितीही प्रेमाने सांगितलं तरी मंजुरीचा कागद हातात घ्या आणि त्यावर कोणतं ऑपरेशन, कुठल्या बाजूचं आणि कोणत्या तारखेपर्यंत हे वाचा. नामंजुरी आली तर कारण लेखी मागा. फेरविचाराच्या अर्जाला मुदत असते आणि ती त्या पत्राच्या तारखेपासून चालू झालेली असू शकते.

आईची तपासणी झाली असेल तर रिपोर्टमध्ये पट्टी लावून आणि न लावता असे दोन नकाशे आहेत का, ते आज बघा. एकच असेल तर अर्ज अजून पाठवू नका.