सही करा, गाडी पाठवतो

ताई, तुम्ही विचारलंय की भाऊ मनाच्या आजाराची औषधं घेत नाही, रात्रभर जागा असतो, आणि एका केंद्रवाल्याने सांगितलंय, 'तुम्ही फक्त सही करा, आमची माणसं गाडी घेऊन येतील.' ती गाडी बोलावू नका. दवाखान्यात दाखल करणं वेगळं, आणि चौघांनी घरातून उचलून नेणं वेगळं.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाच्या मनाविरुद्ध दाखल करायची सोय आहे, पण नुसत्या घरच्यांच्या सहीवर नाही. कलम ८९ बघा. दोघांनी त्याला वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक सायकिॲट्रिस्टच हवा. त्याने नुकताच स्वतःला इजा करायचा प्रयत्न केलाय किंवा तशी धमकी दिलीय, कुणाच्या अंगावर धावून गेलाय, किंवा खाण्यापिण्याची शुद्ध इतकी हरपलीय की त्याच्याच जिवाला धोका आहे, यांपैकी काहीतरी दिसायला हवं. मुदत ३० दिवस. रुग्णालयाने ७ दिवसांत रिव्ह्यू बोर्डाला, म्हणजे अशा दाखल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाला, कळवायचं (रुग्ण स्त्री असेल तर ३), आणि भाऊ स्वतःही बोर्डाकडे दाद मागू शकतो. 'गोळ्या घेत नाही, ऐकत नाही' एवढं कारण यात बसत नाही. त्याचा निर्णय आपल्याला चुकीचा वाटतो म्हणून त्याला निर्णयच घेता येत नाही असं धरू नये, हेही कायद्यातच लिहिलंय.

केंद्राची नोंदणी आहे का, ते नक्की विचारा. २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवायच्या जागेला आग लागली आणि २८ रुग्ण गेले. साखळ्यांनी बांधलेल्यांना पळता आलं नाही. आता साखळी आणि भूल न देता विजेचे शॉक, दोन्हींना बंदी आहे.

आम्हीही चुकलोय. आईला तुळजापूरला जाऊ म्हणून गाडीत बसवलं आणि दवाखान्याच्या दारात उतरवलं. ती सावरली, गोळ्या आजही घेते. पण पुढची चार वर्षं ती माझ्या गाडीत बसली नाही. एसटीने जायची.

तुम्ही आधी एकट्याच सायकिॲट्रिस्टला भेटून या. भावाशी आजाराबद्दल बोलू नका, झोपेबद्दल बोला. 'झोप लागत नाही ना, त्यासाठी जाऊ' याला बरेच जण तयार होतात. जिवावरच बेतलं तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. अडीनडीला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे.

तो सावरला की त्याच्याकडून पुढच्या वेळेसाठीच्या सूचना लिहून घ्या, कायद्यात त्याचीही तरतूद आहे. आईने कोणत्या गोळीने हात थरथरतात ते लिहिलंय, आणि कुठे नेताय ते आधी सांगा, हेही.