रेकॉर्ड खराब नाहीये हो, हॉट स्पेस तसाच वाजतो

तुमची पोस्ट वाचून हसू आलं आणि पोटात गोळाही आला. 'क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या 1982 च्या हॉट स्पेस अल्बमची सेकंडहँड एलपी आणली, ए साईडला ड्रम कोरडे, गिटार गायब, कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) बदलू का?' हाच प्रश्न घेऊन पंधराएक वर्षांपूर्वी मी हिंडत होतो.

काहीही बदलू नका. निदान आज तरी नका.

ती साईड मुळातच तशी आहे. 'स्टेइंग पॉवर'मध्ये बास गिटार नाहीच, तो बास सिंथवर, म्हणजे सिंथेसायझरवर वाजवलाय (ट्रम्पेटसारखी ब्रास वाद्यं मात्र खरी, संगीत संयोजक आरिफ मार्डिनने बसवलेली). 'बॉडी लँग्वेज'मध्ये गिटार चवीपुरती. 'बॅक चॅट'मध्ये तर बास वाजवणाऱ्या जॉन डीकनला गिटार सोलो नकोच होता, गिटारिस्ट ब्रायन मे भांडला म्हणून तो आहे. वर ड्रम मशीन. तेव्हा क्लबमध्ये जे वाजत होतं तेच यांना करून बघायचं होतं.

मी फसलो कारण माझ्याकडे तोवर त्यांच्याच 1975 च्या ए नाईट ॲट द ऑपेराची एलपी होती आणि तिच्या कव्हरवर 'नो सिंथेसायझर्स' असं ठसक्यात छापलंय. 1980 च्या द गेम अल्बममध्ये त्यांनी पहिल्यांदा सिंथ (ओबरहाइम कंपनीचा) वापरला, तो मी ऐकलाच नव्हता. थेट 1975 वरून 1982 वर उडी मारली, मग बिघाड यंत्रातच वाटणार ना.

आता माझा गाढवपणा. शहरातल्या एका नावाजलेल्या दुकानात प्लेअर घेऊन गेलो, नाव घेत नाही. काउंटरवरच्या माणसाने अर्धा मिनिट 'डान्सर' ऐकलं आणि सांगून टाकलं, 'कार्ट्रिज गेलंय साहेब.' साडेचार हजार. घरी आणून लावलं तर आवाज जसाच्या तसा. फोन केला तर म्हणे सुईच्या दांड्यामागचं वजन फिरवून सुईवरचा भार वाढवा, बास येईल. आणि मी शहाणा, दोन ग्रॅमवरचं वजन जवळजवळ चारवर नेलं! बास काय यायचा, तो रेकॉर्डमध्येच तसा आहे. पण वजन परत खाली आणायचं विसरलो आणि अख्खा पावसाळा त्याच जड सुईखाली ए नाईट ॲट द ऑपेरा वाजवून खाचा झिजवल्या. आज तिच्यातल्या 'लव्ह ऑफ माय लाइफ'मध्ये गायक फ्रेडी मर्क्युरीचा प्रत्येक स तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चरचरतो. दुकानदाराचं उत्तर, 'रेकॉर्ड जुनीच असेल.' बरं.

मी टेक्निशियन नाही, तुमच्या कार्ट्रिजला किती वजन चालतं ते त्याच्या कागदावर बघा, माझ्या आकड्यांवर जाऊ नका. पण एक टेस्ट फुकट आहे: रेकॉर्ड उलटा आणि बी साईडचं पहिलं गाणं लावा, 'पुट आउट द फायर'. तिथे मेची गिटार अंगावर आली तर प्लेअर ठणठणीत. 'अंडर प्रेशर'वर मात्र परीक्षा घेऊ नका, ते अगदी शेवटी, लेबलजवळ आहे, तिथे कुठलीही रेकॉर्ड जराशी धूसर वाजते.

राहिला प्रश्न अल्बम वाईट आहे का. माझं मत, पटलं तर घ्या: गाणी वाईट नाहीत, मांडणी वाईट आहे. नाचायची सगळी गाणी एका साईडला कोंबली, त्यामुळे रॉकवाला माणूस बी साईडपर्यंत पोचतच नाही. इंग्लंडमध्ये चौथा नंबर आला, अमेरिकेत बावीसवर अडकला आणि फ्रेडीला घेऊन तिथे त्यांनी 1982 नंतर पुन्हा दौरा केलाच नाही. त्याला हा एकच अल्बम कारण होता असं मी म्हणणार नाही. त्याच वर्षीचा इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सचा कार्यक्रम बघा, तिथे 'स्टेइंग पॉवर'ला ड्रमर रॉजर टेलरचे खरे ड्रम आहेत आणि डीकन चक्क गिटार वाजवतोय, तेच गाणं कसलं उसळतं! लोक कुरकुरणार हे ओळखून फ्रेडीनेच स्टेजवरून सुनावलं की अरे, एक रेकॉर्डच तर आहे.

आणि 'पाचगणीत शिकलेला आपला माणूस असलं डिस्को कसं करेल' अशी फ्रेडीबद्दलची कॉमेंट तुमच्या पोस्टखाली आलीये, तिकडे दुर्लक्ष करा. त्याच्या शाळेतल्या बँडचा आणि म्युनिकच्या स्टुडिओतल्या सिंथचा काय संबंध?

बी साईड लावून कळवा. आणि हो, सध्या वजन किती ठेवलंय तेही लिहा, मला त्याचीच जास्त काळजी वाटतेय.