यंत्र चांगलं आहे, पण पोट कशामुळे सुटलंय?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३९, उंची ५ फूट २ इंच, वजन ६२ किलो. दोन बाळंतपणं झाली, दुसऱ्या वेळी जुळी होती. रोज चालते, खाण्यावरही ताबा आहे, तरी पोट पुढेच आणि पाठीवर ब्राच्या पट्ट्याखाली वळ्या. एका ठिकाणी 'पॉवर लायपोसक्शन', म्हणजे मोटरच्या नळीने चरबी ओढून काढायची शस्त्रक्रिया, सुचवली. दुखत नाही, त्याच दिवशी घरी सोडतात आणि माझी थोडी वाढलेली शुगरही उतरेल, असं सांगितलं. करून घेऊ का?

उत्तर : आधी शुगरचं निकालात काढते. लायपोसक्शनने ती उतरत नाही. २००४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १५ लठ्ठ स्त्रियांचा अभ्यास आला होता. प्रत्येकीच्या पोटावरची सुमारे १० किलो चरबी काढली, पण अडीच-तीन महिन्यांनी तपासलं तर शुगर उतरवणाऱ्या इन्सुलिनला शरीराची दाद होती तशीच. आपण काढतो ती कातडीखालची चरबी. आतड्यांभोवती साचलेल्या चरबीपर्यंत आमची नळी जातच नाही, जाऊही नये. शुगरसाठी फिजिशियनकडेच जा.

आता यंत्राबद्दल. आधी सलाइनमध्ये लिडोकेन हे बधिर करणारं औषध आणि रक्तवाहिन्या आकसवणारं अ‍ॅड्रेनलिन मिसळून तो भाग टच्च फुगवतात, म्हणजे रक्त कमी जातं. मग कॅन्यूला, म्हणजे चरबी ओढणारी बोथट नळी, आत घालतात. साध्या पद्धतीत ती सर्जन हातानेच मागेपुढे करतो. पॉवरच्या प्रकारात मुठीला मोटर असते आणि नळी दोन-तीन मिलिमीटर, मिनिटाला काही हजार वेळा मागेपुढे थरथरते. तुमच्या पाठीसाठी मला हे आवडतं. तिथली चरबी तंतूंनी जखडलेली, चिवट असते. नुसत्या हाताने रेटताना माझा खांदा भरून येतो, आणि दमल्या हाताने एक बाजू जास्त, दुसरी कमी निघण्याची भीती असते. शिवाय यात चरबी उष्णतेने वितळवत नाहीत, त्यामुळे अल्ट्रासाउंड किंवा लेझरच्या प्रकारांत असलेला भाजण्याचा धोका इथे जवळपास नसतो. दुखत नाही, हे मात्र विसरा. काही दिवस पाठ ठेचल्यासारखी वाटेल आणि काळीनिळी पडेल.

पोटाचं काय? जुळ्यांचा उल्लेख वाचून मला वेगळीच शंका आली. उताणं झोपून गुडघे दुमडा, डोकं थोडं उचला आणि बेंबीच्या वर-खाली मधोमध बोटं दाबून बघा. दोन-तीन बोटं आत रुतत असतील, तर पोटाचे स्नायू मधोमध फाकलेत. तिथे चरबी ओढून फरक पडणार नाही. कातडी सैल पडली असेल तर उलट जास्तच लोंबेल. आधी फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिका. तेवढ्याने भागलं नाही आणि खरंच करायचंच असेल, तर स्नायू शिवून जादा कातडी काढणारी टमी टकची शस्त्रक्रिया असते. ती मोठी आहे, व्रणही लांब राहतो. चिमटीत जाड घडी येत असेल, तरच पोटाच्या लायपोचं बोलू.

त्या लोकांना तीन गोष्टी विचारा. शस्त्रक्रिया करणारा माणूस प्लॅस्टिक सर्जरी शिकलेला आहे का? भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत हजर असेल का? आणि किती काढणार? एका वेळी ५ लिटरच्या वर गेलं तर रात्रभर देखरेखीखाली ठेवावं लागतं. पायात गुठळी होणं किंवा चरबीचे कण फुप्फुसात जाणं दुर्मीळ, पण जिवावर बेतू शकतं. पाणी साचणं, बधिरपणा, खाचखळगे हे त्यापेक्षा बरंच जास्त दिसतं. अ‍ॅस्पिरिन, गर्भनिरोधक गोळ्या, अगदी फिश ऑइलसुद्धा घेत असाल तर आधी सांगा. मनाने काही बंद करू नका.

नंतर प्रेशर गारमेंट, म्हणजे दाब देणारा घट्ट कपडा, साधारण महिना-दीड महिना घालावा लागतो. उन्हाळ्यात तो नकोसा होतो, म्हणून तारीख ठरवताना विचार करा. सूज पूर्ण उतरून खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने जातात. वजन मात्र जवळपास तेवढंच दाखवेल.