पेट्रोल भरलं की गाडी सुरू होईना

बऱ्याच पत्रांत तेच गाऱ्हाणं आहे, म्हणून यावेळी उत्तरं फक्त पर्ज व्हॉल्व्हवर.

परभणी: पेट्रोल भरून निघताना चार-पाच वेळा सेल्फ मारावा लागतो. मिस्त्री फ्युएल पंप बदला म्हणतात.
आधी व्हॉल्व्ह तपासा, पंपाचं नंतर. टाकीतली वाफ कॅनिस्टरमधल्या, म्हणजे वाफ धरणाऱ्या डब्यातल्या, कोळशात साठते आणि इंजिन चालू असताना हा व्हॉल्व्ह ती इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत, सोडतो. गाडी बंद असताना तो बंदच हवा. उघडा अडकला, तर पेट्रोल भरताना रेटलेली वाफ इनटेकमध्ये जाऊन बसते आणि सेल्फ मारताना मिश्रण फार रिच होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त. इंजिन गार असताना आयडलिंगला व्हॉल्व्हची कॅनिस्टरकडची नळी काढा, व्हॉल्व्हच्या त्या तोंडावर बोट धरा. ओढ जाणवली तर वायरचं कपलरही काढा. तरीही बोट खेचलं जात असेल तर व्हॉल्व्ह गेला. (फॅनपासून हात आणि बाह्या लांब.) कपलर काढल्यानं नंतर चेक इंजिन लाइट लागेल, तो मिस्त्रीकडून स्कॅनरवर काढून घ्या.

लातूर: डिझेल गाडीचा पर्ज व्हॉल्व्ह बदलला, फरक नाही.
डिझेलला तो नसतोच. जुना पार्ट आणि बिल दोन्ही मागा.

जालना: नोझल कट झाल्यावर राउंड फिगर करून घेतो. चालतं का?
नाही! किती वेळा लिहायचं? टाकीत वरची जागा वाफेसाठी मोकळी ठेवलेली असते. कट झाल्यावर ‘अजून थोडं’ म्हणत ओतलेलं पेट्रोल वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये शिरू शकतं. कोळसा भिजतो, पुढे त्याचे दाणे सुटतात, व्हॉल्व्हच्या तोंडात अडकतात आणि तो उघडाच राहतो. मग नुसता व्हॉल्व्ह बदलून दोन महिन्यांत पुन्हा तेच. जुना व्हॉल्व्ह पांढऱ्या कागदावर आपटा. काळी रवाळ पूड पडली तर कॅनिस्टरही बदलावा लागेल. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात पेट्रोल फुगतं, तेव्हा तर ती जागा हवीच. पंपावरचा पोरगा ‘अकराशे करू का?’ म्हणाला, तर नाही म्हणा. ‘इंजेक्टर क्लीनिंग’चं पॅकेज गळ्यात मारणाऱ्यालाही तेच. त्यानं भिजलेला कोळसा वाळत नाही.

बीड: स्कॅनरवर पी०४४३ हा बिघाडाचा कोड येतो. व्हॉल्व्ह दोनदा बदलला.
हा कोड पर्ज व्हॉल्व्हच्या सर्किटचा आहे, आधी वायर बघा. इग्निशन ऑन करून कपलरच्या एका पिनवर बॅटरीएवढे, सुमारे १२ व्होल्ट मिळायला हवेत. दुसरी पिन ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ग्राउंड करतो. व्हॉल्व्हची कॉइल बऱ्याच गाड्यांत २० ते ३० ओहम दाखवते, तुमच्या मॉडेलचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा. उंदरांनी कुरतडलेली वायर बोनेटखाली नेहमी सापडते. वायरिंग मात्र ऑटो इलेक्ट्रिशियनलाच दाखवा.

नांदेड: आयडलिंगला बारीक टिकटिक येते.
व्हॉल्व्ह काम करतोय. येऊ द्या.

हिंगोली: चेक इंजिन लाइट आहे, पेट्रोलचा वासही येतो. दिवाळीनंतर दाखवलं तर?
आजच दाखवा. नुसता लाइट असता तर आधी टाकीचं झाकण टिक वाजेपर्यंत आवळून दोन-चार दिवस बघा म्हटलं असतं. वास म्हणजे नळी किंवा टाकी गळत असू शकते. तोवर गाडी बंद शेडमध्ये लावू नका. गॅरेजला नेतानाही वास वाढला तर बाजूला थांबवा आणि मिस्त्रीलाच तिथं बोलवा.