तो आवाज तिथला नाहीच (स्कॅनर आणि दुप्पट आयएफ)

"एकाच माणसाचा आवाज दोन फ्रिक्वेन्सींवर ऐकू येतो आणि त्यातली एक कुठल्याच यादीत नाही, गुप्त चॅनल सापडलं का?" हा स्कॅनरबद्दलचा (एकेक फ्रिक्वेन्सी तपासत वायरलेसवरची बोलणी ऐकवणारा रेडिओ) तुमचा प्रश्न वाचला आणि माझी जुनी वही काढून बसलो. चौदा पानं, सगळी एकाच फ्रिक्वेन्सीची. सगळी रद्दी.

स्क्वेल्च, स्टेप, एएम-एफएम ही सेटवरची नेहमीची बटणं तुम्हाला येतातच असं धरतो.

माझी फ्रिक्वेन्सी होती ४४३.६०० मेगाहर्ट्झ. हातातला जुना डबल कन्व्हर्जन सेट (आलेल्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी आत दोनदा बदलणारा), गच्चीवर नवी अँटेना, मधे हौसेनं लावलेला प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारा). रोज संध्याकाळी एक घसा बसलेला माणूस क्रेनवाल्याला सांगायचा, "थोडं डावीकडे... अजून... बस्स." बटण सोडलं की बारीक 'टुक्'. मीटरवर दोनच काड्या, पण शब्द न् शब्द स्वच्छ. अकरा आठवडे वेळा टिपल्या. कोण, कधी, किती वेळ, सगळं.

शंका आली नव्हती असं नाही. अटेन्युएटर (सिग्नल मुद्दाम क्षीण करणारा) लावून पाहिला होता, आणि तिथेच फसलो. दोन तगड्या सिग्नलांच्या भेसळीतून तयार झालेला खोटा सिग्नल (आपण इंटरमॉड म्हणतो तो, त्यातला नेहमी भेटणारा तिसऱ्या ऑर्डरचा) १० डीबी अटेन्युएटरने जवळजवळ ३० डीबी पडतो, म्हणजे गायबच होतो. माझा गायब झाला नाही, थोडा क्षीण झाला, इतकंच. म्हणून मी तो खरा मानला. पण इमेज नावाचं भूत (एकच खरा सिग्नल सेटच्या आतल्या रचनेमुळे दुसऱ्याच आकड्यावर ऐकू येतो ते) वेगळं असतं. ते अटेन्युएटरने खऱ्या सिग्नलइतकंच पडतं, त्यामुळे या परीक्षेत ते छान पास होतं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग मी लायसन्स देणाऱ्या कार्यालयाला पत्र लिहिलं. (कुठलं ते सांगत नाही, उगाच वाद नको.) या टेबलावरून त्या टेबलावर फिरून काही महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: सदर फ्रिक्वेन्सी कोणासही वाटप केलेली नाही. उत्तर शंभर टक्के खरं होतं! पण मी वेळा, तारखा, सिग्नलची ताकद सगळं कळवलं होतं. 'कुठल्या सेटवर ऐकलंत?' एवढं एका तरी माणसानं विचारायला काय हरकत होती? त्यांचं ते कामच नाही, हेही कळतं मला. तरी राग जात नाही. कारण वाटप नाही म्हणजे नक्कीच गुप्त, असा अर्थ मी काढला आणि एका सामायिक यादीत ठोकून दिलं: '४४३.६००, बांधकाम, विनापरवाना'. ती ओळ मी नंतर काढली, पण तोवर लोकांनी उचलली होती. आजही माझ्याच शब्दांत कुठेतरी दिसते. आठवडे गेले त्याचं काही नाही, पण एका परवानाधारकावर मी नाहक आळ घेतला हे लागतं.

उलगडा झाला तो मित्राचा सेट घरी आला तेव्हा. तो ४६० च्या वर सर्च करत होता, माझी रेंज मी ४६० लाच थांबवलेली. संध्याकाळी दोन्ही सेट एकदम बोलले: "थोडं डावीकडे..." त्याच्याकडे ४६५.०००, मीटर फुल्ल. वजाबाकी केली, २१.४. निम्मे १०.७. माझ्या सेटच्या मॅन्युअलात शेवटच्या पानावर छापलेलं, फर्स्ट आयएफ (आलेला सिग्नल सेट आत पहिल्यांदा ज्या फ्रिक्वेन्सीवर आणतो ती) १०.७ मेगाहर्ट्झ. ४४३.६ लावलं की सेटचा ऑसिलेटर (त्यासाठी आत स्वतःची फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग) ४५४.३ वर जातो, आणि त्याच्या खाली जितका ४४३.६ तितकाच वर ४६५. सेट तो १०.७ चा फरक तेवढा बघतो. समोरचा फिल्टर ढिला असला की दोघेही आत. त्यात माझा प्रीॲम्प म्हणजे चोराला शिडी. तो त्याच रात्री काढला.

तर आधी वजाबाकी करा. फरक तुमच्या सेटच्या फर्स्ट आयएफच्या बरोबर दुप्पट निघाला तर जिथे सिग्नल तगडा ती खरी, दुसरी विसरा. मात्र फरक २१.४ नसून ५ किंवा १० मेगाहर्ट्झ असा गोल आकडा असेल, तर ते रिपीटरचं (एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून तेच दुसरीवर जोरात पाठवणारं केंद्र) इनपुट-आउटपुट असू शकतं, भूत नव्हे. आउटपुटवर दोन्ही बाजू सारख्याच जोरात येतात, इनपुटवर बहुधा तुमच्या जवळचा माणूसच.

ट्रिपल कन्व्हर्जन सेटमध्ये फर्स्ट आयएफ बराच वर असतो, त्यामुळे इमेज लांब जाते. तिथे माझा पहिला संशय ओव्हरलोडवर (तगड्या सिग्नलांनी सेट गुदमरणं), विशेषतः ८८ ते १०८ चं एफएम प्रसारण. त्याचा फिल्टर मिळतो, तो प्रीॲम्पच्या आधी घ्या. (प्रीॲम्प घेऊच नका, हे माझं ठाम मत. लांब केबलवाले भांडतील, भांडोत.) आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रेडिओ) वापरत असाल तर १४४.००० आणि ४३२.००० वरची स्थिर रेघ वहीत लिहू नका. आतल्या २८.८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलची ती पाचवी आणि पंधरावी पट.

आणि हो, ऐकण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. काही ठिकाणी नुसतं ऐकणंही गुन्हा आहे. मी वकील नाही, आपापलं तपासा. ऐकलेलं चारचौघांत सांगू नका, आणि एन्क्रिप्टेड असेल तर सोडून द्या, त्यावर रात्री जाळू नका.

तुम्ही दोन्ही आकडे दिलेलेच नाहीत. ते आणि सेटचं मॉडेल टाका, मॅन्युअल माझ्याकडे असेल तर शेवटचं पान बघून सांगतो.