जहाज नांगरतात की लंगरतात?

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीजवळच्या एका वाडीतल्या ताईंचा भाचा तटरक्षक दलात आहे, लांबच्या गस्तीवरून त्याचं जहाज परत येतंय, वाडीच्या तोंडाशी स्वागताचा फ्लेक्स लावायचाय. ताईंनी मजकूर लिहिला, 'जहाज जेटीला नांगरलं, आमचा खलाशी घरी आला'. काकांनी त्यातलं 'नांगरलं' खोडून 'लंगरलं' केलं, कारण काकांच्या मते नांगरतात ते शेत, जहाज नाही. आता कोण बरोबर?

दोघंही चूक. काका जरा जास्त, कारण त्यांनी चालता शब्द काढून न चालणारा घातला.

आधी ताईंची चूक, कारण ती मी बातम्यांत इतक्या वेळा ऐकलीय की आता कान किटले. 'जहाज धक्क्याला नांगरण्यात आले.' अहो धक्क्याला दोरांनी बांधतात! नांगर टाकतात तो धक्क्यापासून लांब, मोकळ्या पाण्यात. भाऊच्या धक्क्यावर रोज इतक्या लाँचा लागतात, त्यातली कुठली माणसं उतरवायला नांगर टाकते? नांगरावर उभं असलेलं जहाज वारा आणि भरती-ओहोटीप्रमाणे तोंड फिरवत नांगराभोवती घिरट्या घालतं, साखळी खोलीच्या कैक पट सोडावी लागते, आणि नांगर तळाशी धरून आहे की घसरतोय हे बघायला रात्रभर कुणीतरी जागं असतं. म्हणजे जहाज नांगरलं याचा अर्थ पोरं अजून ड्युटीवरच आहेत, किनाऱ्यावरचे दिवे दिसतायत, पण जेवण जहाजावरच. घरी वाट बघणाऱ्या आईला विचारा हा फरक बारीक आहे का ते.

धक्क्याला येतं ते जहाज 'लागतं'. होडी किनाऱ्याला लागते, गलबत बंदराला लागतं. इतका सोपा शब्द असताना लोकांना नांगर का आठवतो कळत नाही. आणि धक्का असताना जेटी का, तेही कळत नाही, पण ते जाऊ दे.

आता काकांचा 'लंगर'. इथे खरी गंमत आहे.

मराठीत नांगर दोन आहेत आणि त्यांचं एकमेकांशी रक्ताचं नातं नाही. शेतातला नांगर संस्कृत 'लाङ्गल'वरून आला, हा शब्द थेट ऋग्वेदात आहे, बलरामाला लांगली म्हणतात तो त्यामुळेच. पुढे प्राकृतात सुरुवातीच्या ल चा ण झाला आणि मराठीत न. ललाटाचं निढळ झालं (निढळाचा घाम म्हणजे कपाळावरचा घाम) तसंच हे. समुद्रातला नांगर मात्र फारसी 'लंगर'. तेवढ्यापुरतं काकांचं म्हणणं खरं आहे, पण मूळ लंगर आहे म्हणून आज लंगर म्हणा हा कुठला न्याय? मग कपाळाच्या घामाला ललाटाचा घाम म्हणायला लागा.

आणि लंगरचा नांगर झाला कसा? भाषाशास्त्र शिकलेली मंडळी हात झटकून सांगतात, ल चा न होतो, झालं. मला हे उत्तर अजिबात पटत नाही. प्राकृतातला तो बदल फारसी शब्द आपल्याकडे यायच्या कितीतरी आधीचा, त्याचा हात लंगरपर्यंत पोचणार कसा? तसं असतं तर लगामचं नगाम झालं असतं, लष्कराचं नष्कर, लिफाफ्याचं निफाफा. झालं का? उलट आपल्या खेड्यात वारं दुसऱ्याच दिशेला वाहतं, नंबरचा लंबर होतो, नोटिशीची लोटीस होते.

त्याहून पक्का पुरावा जेजुरीत आहे. खंडोबापुढे वाघ्या 'लंगर तोडतो' ती लोखंडी साखळी. तोही फारसी लंगरच, पण साखळी या अर्थाचा. घाटावर तो शब्द लंगरच राहिला, ल जागचा हलला नाही. समुद्रावर मात्र नांगर झाला. का? कारण घाटावरच्या लंगराचा जमिनीशी काही संबंध नाही, आणि समुद्रातल्या लंगराचं टोक तळाच्या चिखलात रुततं आणि ओढ बसली की शेतातल्या नांगरासारखं तास (चर) काढत जातं. कोकणातला माणूस पावसाळ्यात गुडघाभर चिखलात भाताचा नांगर धरणारा आणि समुद्र निवला की गलबतावर जाणारा, एकाच घरात दोन्ही. त्याने ते लोखंड बघितलं, त्याचं काम बघितलं, आणि म्हणाला अरे हा तर नांगर. आधी काम ओळखीचं वाटलं, उच्चार मागून त्याच्या जवळ सरकला. आणि हे काही आपल्याकडच्याच माणसाला सुचलं असं नाही, जी. आय. टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३३ साली छोट्या बोटींसाठी जो नवा नांगर बनवला तो चक्क शेतातल्या नांगराच्या फाळाच्या आकाराचा होता, आणि आजही तो 'प्लाऊ अँकर' म्हणून ओळखला जातो! माझ्या वाडवडिलांना हे शब्दात आधीच दिसलं होतं एवढंच म्हणतो.

आता कोणीतरी गुजरातीतलं 'नांगरवुं' आणि तमिळमधलं 'नंगूरम' आणून तोंडावर मारणार, की बघा, गुजराती माणूस शेतातल्या नांगराला हळ म्हणतो, तरी त्याच्या जहाजाला नांगर आहेच, मग तुमचा शेतकरी कुठे गेला? मारा खुशाल. खलाशी बंदरं बदलतात आणि शब्द बरोबर नेतात, गुजरातेत तो आपल्याच किनाऱ्यावरून गेला नसेल कशावरून? आणि जे विद्वान फारसी लंगरसुद्धा लाङ्गलपासूनच निघाला असं छातीठोक सांगतात त्यांच्याशी मी वाद घालत नाही. संस्कृतशी नातं हवंच असेल तर इंग्रजी 'अँकर' घ्या. त्याचं मूळ ग्रीक, आणि तो आपल्या अंकुशाचा लांबचा भाऊ आहे, दोन्हीत वाकडं टोक हीच कल्पना. पण ती सोयरीक अँकरची, लंगरला त्यात ओढू नका.

फ्लेक्सचं राहिलंच. ताई, 'जहाज धक्क्याला लागलं' असं छापा. काकांना सांगा, जहाज बाहेर पाण्यात नांगर टाकून उभं राहिलं तर नांगरलं म्हणायला काहीच हरकत नाही, शेतवाले रागावणार नाहीत. आणि तो 'खलाशी' आधी काढा. खलाशी ट्रॉलरवर तांडेलाच्या (बोटीच्या म्होरक्याच्या) हाताखाली असतो, तटरक्षक दलात नाविक, उत्तम नाविक, प्रधान नाविक असे हुद्दे आहेत, भाच्याचा कुठला ते विचारून घ्या. खाली कोणी हौसेने 'भारतीय नौदलाचा वीर' जोडलं असेल तर तेही खोडा, १९७८ च्या कायद्याने उभं राहिलेलं ते वेगळं दल आहे, आणि फ्लेक्स चुकला तर पोराला गावभर तेच समजावत बसावं लागेल.